ओटीतलं बी

पहिलेच सांगून ठेवते, मी काही चोर नाई. मेलबर्नच्या विमानतळावर माह्या पिशवीतलं ओटीचं नारळ, गहू अन् मेथीदाणा काढून डब्यात टाकला, तवा त्या सायबाले मी जे काही ऐकवलं ते त्याले समजलं नाई म्हणून बरं झालं. त्याच्यासंग एक कुत्रं होतं. ते आलं, माही पिशवी हुंगली अन् गपकन खाली बसलं. म्हटलं, बाप्पा, लेकीच्या ओटीचे गहू हायेत हे, बॉम्ब नाई! पण सायेब हसून मान हलवत राह्यला अन् माहे गहू गेले. तीन महिने मी त्या कुत्र्याले शिव्या देत होती.

लेक म्हणजे रागिणी, माही एकुलती एक. तिथं नोकरी करते. तिची पोरगी गीतांजली, आमची गीतू, तवा पाच वर्षांची होती. तीन महिन्यांनी तिथून निघायच्या दिवशी मी दुकानातल्या तांदळानं रागिणीची ओटी भरली. गीतू डोळे मोठे करून पाहत होती. मंग म्हणे, "आता आजीची." अन् पळत अंगणात गेली. तिथं कुंपणावर एक वेल होती, निळ्या फुलांची, वाळलेल्या शेंगा लटकलेल्या. पोरीनं मूठभर बी आणलं, माह्या पदरात टाकलं अन् कपाळापासून नाकापर्यंत कुंकू फासलं.

आता तुमीच सांगा, ओटीत पडलेलं कोणी टाकते का? आमच्याकडे ओटीचा दाणा वाया जाऊ देत नाईत, बाई तो शिजवून खाते. हे बी काही शिजवण्यातलं नव्हतं. मंग मातीत टाकीन, म्हटलं. पदराले गाठ मारली, वरून स्वेटर घातलं. येताना कोणी विचारलं नाई अन् मी सांगतलं नाई.

आमचं वावर अमरावतीहून कौंडण्यपूरले जाते त्या रस्त्याले लागून हाये. तीन एकर, झेंडू अन् शेवंती. आमचे हे, शालिकराम, तोडलेली फुलं घेऊन सकाळीच अमरावतीच्या बाजारात जातात अन् मी वावरात एकटी असते. मिरगात तारेच्या कुंपणापाशी बी टोबलं. दसऱ्याले वेल तारेवर चढली अन् दिवाळीच्या आधी एका सकाळी सगळी निळी झाली.

कशी निळी, ते मले सांगता येत नाई. दव पडलेलं असे, धुकं जमिनीले टेकलेलं, अन् त्या धुक्यात ते निळं जरासं वर तरंगत असे. मी तिथं खाटेवर बसली की वावर दिसे ना, रस्ता दिसे ना. पाण्यात उतरल्यावानी अंग हलकं होये. डोळे उघडे असत अन् झोपबी लागलेली असे. त्या झोपेत गीतू वेलीखालून पळे, अनवाणी, पायाले आमची काळी माती लागलेली. मी म्हणे, हळू वो माय, पडशीन. मंग कुठं तरी मोटरसायकल वाजे, अन् मातीत तिची पावलं नसत. दुपार व्हायच्या आत फुलं मिटून जात. वावर आपल्या जागेवर येये अन् मी तण निंदाले लागत होती.

सकाळी दहा वाजता रागिणीचा फोन येते. तिकडे तवा गीतूची शाळा सुटलेली असते. वेल फुलायच्या आधी आमचं बोलणं म्हणजे "हाय आजी", अन् पोरगी गायब. फोनात नुसती भिंत दिसे. रागिणी म्हणे, "आई, तिले आता मराठी आठवत नाई वो." तीन महिने माह्या कुशीत झोपलेली पोर, अन् मी तिच्यासाठी फोनातली कोणीतरी बाई झाली होती.

वेलीले मी निळी म्हणे. ती फुलली अन् सगळं फिरलं. गीतू फोन मांडीवर घेऊन बसू लागली. "आजी, दाखव. आज किती?" मी फोन वेलीवरून फिरवत होती अन् ती मोजत होती. पहिले वीस आले, मंग पन्नास. पंचेचाळीस अन् चोपन्न यात तिचा घोळ होये, मी रागावे, ती खिदळे. मोजता मोजता दात पडला ते सांगे, बाकावरच्या पोरीनं चिमटा घेतला ते सांगे. शंभर झाले त्या दिवशी मी वावरात एकटीच साखर खाल्ली.

दुसऱ्या वर्षी बी आपोआप पडलं अन् वेल दुप्पट झाली. अमरावतीचा एक नर्सरीवाला वेल पाहून हरखला. म्हणे, "काकू, बी द्या मले. पण हे बाहेर देशाचं दिसते. आयातीचा परवाना हाये ना?"

म्हटलं, नाई, पण काढून घेऊ, त्यात काय! आमची विहीर खोदल्यावर आठ वर्षांनी सातबाऱ्यावर चढली. आमच्या लग्नाचा दाखला तर पासपोर्टासाठी निघाला, लग्नाले चौतीस वर्षं झाल्यावर. गोष्ट आधी होते, कागद मागून येते, मले तर एवढंच ठाऊक होतं.

तर मी फुलांचा झुबका घेऊन अमरावतीच्या कृषी ऑफिसात गेली. तिथं पौर्णिमा नावाच्या मॅडम होत्या, नगरकडच्या, आमच्या रागिणीच्या वयाच्या. मी झुबका त्यांच्या टेबलावर ठेवला अन् म्हटलं, "इचा परवाना करून द्या."

मॅडमनं सगळं ऐकून घेतलं. पदराची गाठसुद्धा मी लपवली नाई. मंग त्या म्हणाल्या, "काकू, हा परवाना बी येण्याआधी काढायचा असतो. मग ते तिकडं तपासतात, इकडं उतरल्यावर परत तपासतात. काही झाडं तर कित्येक महिने वेगळी ठेवून बघतात, रोग नाही ना, वाटेल तशी पसरत नाही ना. येऊन रुजलेल्या झाडाला मागून परवाना नसतो."

"मंग आता?"

"किती आहे?"

"तारेभर."

मॅडम खुर्चीतून उठल्याच. दुसऱ्या दिवशी स्कुटीवर वावरात आल्या. सकाळची वेळ होती, निळी भरात होती. त्यांनाबी ती आवडली, मले दिसलं ना, एका फुलावरून हळूच बोट फिरवलं. मंग खाली बसल्या. शेवंतीवर मधमाशा घोंगावत होत्या, वेलीवर एकबी नव्हती. ते मी वर्षभरात पाह्यलंच नव्हतं. त्यांनी एक रोप ओढलं तर वरचं हातात आलं अन् पांढरं मूळ खालीच तुटून राह्यलं.

"बी पडायच्या आत सगळी काढा, काकू. मुळं खणून. वाळवून जाळा, आणि पुढचे दोन-तीन पावसाळे लक्ष ठेवा. नमुना मी पाठवते, पण नाव कळेपर्यंत थांबू नका."

माहं डोकंच फिरलं. "जहाजंच्या जहाजं माल उतरते देशात, अन् तुमाले माह्या नातीच्या मूठभर बीचा धाक?"

"जहाजातलं निदान तपासून येतं, काकू," त्या हळूच बोलल्या. मले त्यांचा लई राग आला. खरं बोलल्या म्हणून जास्तच आला.

मी ठरवलं, नाई उपटत जा! माहं वावर, माही नात. कोणाचं काय घेऊन खाल्लं मी? अन् त्या गुर्मीतच दोन वावरांमधल्या धुऱ्यावरून चालत निघाली. पलीकडे महादेवरावची संत्र्याची बाग हाये. पाहते तर महादेवराव विळा घेऊन उभे अन् त्यांची तीन झाडं वेलीनं पार झाकलेली. पान दिसे ना, फळ दिसे ना. वरून सगळं निळं.

"दोनदा कापली, वहिनी," ते म्हणाले. "एक कापली की दोन फुटतात."

"मंग मले सांगतलं काहून नाई?"

ते विळ्याची धार पाहत राह्यले. "तुमी रोज वेलीपाशी बसून नातीसंग बोलता. मले इथं ऐकू येते. कसं सांगू?"

ते पाण्याची पाळी पाहाले गेले अन् मी त्या झाकलेल्या झाडाखाली बसली. आत निळसर अंधार होता, गार, ओला. फांद्यांवर सुकलेली पानं वेलीच्या आधारानं लटकत होती. मले झापड आली. माहं माहेर अकोल्याचं, जुन्या शहरातलं. आमी पोरी मोर्णा नदीत उतरून जलकुंभीची जांभळी फुलं तोडत असू अन् वेणीत खोवत असू. आता माहेरी गेली अन् पुलावर उभी राह्यली की पाणी दिसत नाई, नुसतं हिरवं पसरलेलं. काढतात, अन् ती पुन्हा येते. तीबी कोणीतरी फुलासाठीच बाहेर देशातून आणली होती म्हणतात. त्या झापडीत मले मोर्णा दिसली, पहिलेची, मोकळ्या पाण्याची. काठावर एक बाई उभी होती. पदरात जांभळं फूल घेऊन, पाण्यात सोडू का नको अशी. ती काही वाईट बाई नव्हती. तिले फूल आवडलं होतं, एवढंच. मी हाक मारली तर ती वळली, अन् तिचं तोंड माहंच होतं.

जागी झाली तवा फुलं मिटली होती. मी घरी जाऊन कुदळ आणली.

चार दिवस लागले. शालिकराम बाजारातून आले की हात लावत, महादेवरावबी येत. मूळ खणायचं, माती चाळायची, पुन्हा खणायचं. ओढताना फुलं माह्या हातावर मिटत होती अन् मी रडत होती, लपवत नाई. चार दिवस मी फोन घेतला नाई, ताप हाये म्हणून कळवलं. चौथ्या दिवशी ढीग पेटवला अन् रागिणीले खरं काय ते सांगतलं.

ती घाबरलीच. "आई, गीतूले सांगू नको. जुना व्हिडिओ हाये ना तुह्याजवळ, तोच दाखव. लहान हाये, तिले काय समजते? निळी नाई म्हटलं तर ती पुन्हा फोनवर येणारच नाई."

ते मलेबी ठाऊक होतं. त्याच भीतीनं तर कुदळ जड झाली होती. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ काढून तयार ठेवला. दहा वाजता फोन वाजला. तेच गोल तोंड, शाळेची टोपी अजून डोक्यावर.

"आजी, बरी झाली? दाखव. आज किती?"

तिनं बोट वर केलं होतं, मोजाले. मले नाई जमलं. फोन फिरवून उघडी तार दाखवली, खाली खणलेली काळी माती. "गीतू, निळी नाई आता. मी उपटली."

"सगळी?"

"सगळी."

"काहून?"

म्हटलं, बाजूच्या आजोबाच्या झाडांवर चढली होती ती. त्यांचं ऊन खाऊन राहिली होती. झाडं मरत होती माय. गीतूनं ऐकलं. मंग तिचा ओठ खाली आला अन् फोन पडला. मले त्यांचं छत दिसलं, अन् पांढरा पंखा. आवाज काही नाई. गेली, म्हटलं. संपलं. मी त्या पंख्याकडे पाहत बसली, ठेवून द्यायची हिंमत होये ना.

मंग फोनावर बोटं आली. मंग तोंड आलं, लाल झालेलं, नाकडोळ्यातून पाणी.

"मले विचारलं काहून नाई?" पोरगी ओरडली. "ती माही होती! तुह्याजवळ फोन होता ना? आधी विचाराचं असते!"

म्हटलं, चुकलंच माहं.

"लई चुकलं! मी तुह्यावर रागावली हाये! ते आजोबाबी वाईट, त्याहीची झाडंबी वाईट!" मंग जरा थांबून, "मेली का त्याहीची झाडं?" मी म्हटलं, एक मेलं, दोन जगतीन. तर त्याच्यावर पुन्हा भांडण. एक काहून मेलं, लवकर काहून नाई उपटली! मागं रागिणी तोंडावर हात ठेवून उभी होती. अर्धा तास पोरगी मले झापत होती, अन् तेवढ्यात एकदाही तिले मराठी शब्द अडला नाई, एकदाही ती उठून पळाली नाई.

शेवटी दमली. टोपी काढून फेकली. "उद्याबी भांडणार हाये मी तुह्यासंग."

मी फोन तोंडाजवळ धरला. अन् म्हटलं, "भांड माय. रोज भांड."