चौथ्या दिवशी येणारी गंगा

सकाळी साडेसातला दगडातून धार सुटली आणि दोन-अडीचशे माणसं हात जोडून उभी राहिली. परभणीजवळच्या झरी गावाच्या पुढं आमचं गाव. एरवी इथं एसटीसुद्धा नाइलाजानं थांबते. आता परभणीहून, मानवतहून गाड्या भरून लोक येत होते. लिंबाखाली मंडप, मंडपात शाल पांघरलेले महाराज, त्यांच्या पुढ्यात दानपेटी आणि बायकांच्या हातात कळशा, कॅन, बाटल्या.

“तीन दिवस गंगामाई तपाला बसती,” महाराज सांगत होते. “चौथ्या दिवशी लेकरांना भेटाया येती. साखर, मुतखडा, मूलबाळ, कोर्टातली केस, समद्यावर हेच पाणी. फकस्त मनात शंका नको. शंका आली की गुण जातो.”

सोय बघा. गुण आला तर महाराजांचा, नाही आला तर शंका तुमची.

आमच्या गावात नळालाही चौथ्या दिवशीच पाणी येतं. त्याच सकाळी, त्याच वेळेला. बायका आधी घरचे रांजण भरायच्या, मग तीच कळशी घेऊन गंगेच्या रांगेत उभ्या राहायच्या. चार महिने हे चाललं होतं आणि एकाही शहाण्याच्या डोक्यात उजेड पडला नव्हता. माझ्याही नाही, आणि मी इथं नववीला भूगोल शिकवतो.

वर्गात विषय होता विकसनशील देशांपुढील आव्हानं. “पुस्तकं मिटा,” मी म्हणालो. “एक आव्हान आपल्या गावातलं शोधा. कारणही तुम्हीच काढायचं. मी उत्तर सांगणार नाही.”

पोरांनी गाइडातलं घोकलेलं ऐकवलं. लोकसंख्या, निरक्षरता, भांडवलाची कमतरता. तेवढ्यात धम्मशीला दारात आली. बौद्ध वस्तीवरची, हुशार, आणि गेले काही महिने रोज उशिरा. मी तिला चारचौघांत बोललोही होतो.

“सर, आमच्या वस्तीच्या नळाला चार महिने झालं पाणी न्हाई. मी अन् संघप्रिया लांबच्या हिरीवरून आणायलोत. आई म्हणायलीय, पुढच्या महिन्यापासून शाळा बंद. हे आव्हान चालंल का?”

मला लाज वाटली. तिच्याच वस्तीवरची, याच वर्गातली संघप्रिया तर त्या दिवशी आलीच नव्हती.

पुढच्या पाण्याच्या दिवशी पोरं एकेक बादली आणि घड्याळ घेऊन गल्लोगल्ली उभी राहिली. टाकीजवळ बादली मिनिटात भरली. सरपंच किशनरावांच्या दारात दीड मिनिटात, लिंबाच्या अलीकडच्या शेवटच्या घरी दोन. लिंबाच्या पलीकडे वस्ती. तिथं धम्मशीला पाऊण तास कोरड्या नळाखाली बादली धरून बसली. फळ्यावर नकाशा काढून आकडे भरले. मग मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, “सर, पाणी लिंबापाशीच संपायलंय.”

मी गावात पाणी सोडणाऱ्या बजरंगला गाठलं. म्हटलं, पुढच्या वेळी मी फोन केला की व्हॉल्व्ह बंद कर, परत केला की चालू कर. त्यानं आधी इकडंतिकडं बघितलं. मग हो म्हणाला.

चौथ्या दिवशी मंडप खचाखच. धार सुटली, जयजयकार झाला आणि मी फोन लावला. धार बारीक झाली, थेंब झाली, थांबली.

“कोणाच्या तरी मनात शंका आली,” महाराज कडाडले.

“माझ्या,” धम्मशीला म्हणाली. ती वर्गातल्या पोरांबरोबर पुढं आली होती. “सर, चालू करा म्हणा.”

गंगा आली. “बंद करा.” गेली. “चालू करा.” आली. तिसऱ्या खेपेला महाराज चपला शोधायला लागले. पोरांनी दगडाशेजारी हातभर माती उकरली. खाली दोन इंची काळा पाइप, वस्तीकडं जाणाऱ्या मुख्य लाइनला जोडलेला. वस्तीचं पाणी दगडातून निघत होतं आणि उरलेलं नाल्याला जात होतं.

बजरंग मान खाली घालून आला. “सरपंचांनी जोडायला लावला. मी म्हणलो, वस्तीला पाणी पुरायचं न्हाई. ते म्हणले, न पुरू दे.”

किशनराव दानपेटी काखेत मारून घराकडं निघाले. महाराज कोणाच्यातरी जीपमध्ये बसून गेले. लोक मात्र पेटले. आमाला फसवलं, आमाला येड्यात काढलं, असा एकच कालवा. रांगेतल्या चतुराबाईंनी कॅन ओतून दिला आणि वर विचारलं, “पण माझ्या गुडघ्याला फरक पडला होता, त्याचं काय?” वस्तीतली चाळीस घरं चार महिने कोरडी होती, हे त्या गर्दीत एकाच्याही तोंडून निघालं नाही. त्याचा मला जास्त राग आला, अजून येतो.

पाइप तोडला. वस्तीला पाणी आलं. धम्मशीला आता घंटेच्या आधी वर्गात असते. संघप्रिया आली नाही. मी तिच्या घरी गेलो. ती कापूस वेचायला निघाली होती.

“सर, मागचं लय ऱ्हायलंय,” ती म्हणाली. “आता बसून काय समजंल मला?”

मी खूप समजावलं. ती ऐकून घेऊन बायकांबरोबर निघून गेली.

म्हणून हात जोडून सांगतो. चमत्कार दिसला की आधी विचारा, हे आलं कुठून. आणि लगेच दुसरं विचारा, हे कोणाच्या वाटचं होतं. आमच्या गावानं चार महिने दोन्हींतलं एकही विचारलं नाही. त्यापायी एका पोरीची शाळा गेली, आणि तिनं तर त्या मंडपात कधी पायसुद्धा ठेवला नव्हता.