राजोडीची झपाटलेली जीप

राजोडीच्या किनाऱ्यावर त्या दिवशी उभं राहायला जागा नव्हती. खंडेनवमी होती. सुरूच्या झाडांखाली झेंडूच्या माळा घातलेली एक जीप होती आणि तिच्या बॉनेटला कान लावून, डोळे अर्धवट मिटून नादबाबा उभे होते. पोरंटोरं, कोळणी, वटारचे वाडीवाले, विरारहून आलेले फ्लॅटवाले असे सगळे श्वास रोखून त्यांच्या कानाकडे बघत होते.

"चार सिलिंडर म्हणजे चार वेद," बाबा म्हणाले. "पेट्रोल म्हणजे अन्न. ठिणगी म्हणजे आत्मा. आणि हा टर्बो म्हणजे परदेशी प्राण. आत्म्याला परका प्राण सोसत नाही बाळांनो, म्हणून हे यंत्र रडतंय."

गर्दीतून हुंकार उमटला. मी विरारच्या एका ज्युनियर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. चार सिलिंडरचे चार वेद झाले, मग सहा सिलिंडरच्या ट्रकचं काय करायचं, हा प्रश्न मी गिळला. कारण ती जीप माझ्या धाकट्या भावाची, जितेंद्रची होती आणि तो बाबांसमोर हात जोडून उभा होता.

ही जीप जितेंद्रने आणि जयरामने मिळून बांधली होती. जयराम त्याचा शाळेपासूनचा मित्र. दर रक्षाबंधनाला मी एक राखी जास्तीची घ्यायची, ती जयरामची. जितेंद्र आठवडाभर मुंबईला नोकरी करायचा, म्हणून जीप वटारला जयरामच्या वाडीतल्या पडवीत असायची आणि रविवार उजाडला की दोघं तेलाने माखलेले. सांगाडा चिंचोटीच्या एका खाणवाल्याकडून आणलेला, टर्बो कुर्ल्याच्या भंगार बाजारातला. चिखलात, वाळूत, डोंगरावर कुठेही चढेल अशी गाडी त्यांना हवी होती.

टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. हवा जास्त, तर पेट्रोलही जास्त लागतं. आणि ठिणगी जरा उशिरा पडावी लागते. ती लवकर पडली की चढणीवर इंजिन आतून टकटक करायला लागतं आणि तसंच दामटलं तर पिस्टनला भोक पडतं. जितेंद्रला हे सगळं ठाऊक होतं. त्याने कार्बोरेटरला जास्त पेट्रोल सोडणारे मोठे जेट घातले, टायमिंग लाइट लावून, ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर जरा फिरवून ठिणगीची वेळ बसवली आणि त्याचा बोल्ट आवळला. रविवारी गाडी गुणी बाळासारखी चालायची. पुढच्या रविवारी पुन्हा टकटक. पुन्हा बसवायची, पुन्हा बिघडायची. पावसाळाभर हेच चाललं. वसईतल्या दोन मेकॅनिकांनी हात टेकले.

मी एकदा म्हटलं, "डिस्ट्रिब्युटर आपला आपण फिरत नसतो. कोणीतरी हात लावतंय."

"कोण लावणार ताई? किल्ली जयरामकडे असते," तो म्हणाला. त्या उत्तराने माझंही समाधान झालं. जयरामवर संशय घ्यायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

मग जयरामनेच नादबाबांना आणलं. ते कुठून आले कोणालाच ठाऊक नव्हतं, पण बंद पडलेले पंप आणि होड्यांची इंजिनं ते नुसत्या कानाने बरी करतात अशी ख्याती पसरली होती. बाबांनी निदान केलं की वारलेल्या खाणवाल्याचा जीव गाडीत अडकलाय. तो बिचारा म्हातारा होऊन, नातवंडं खेळवून गेला होता आणि हा सांगाडा त्याने हसत हसत विकला होता. पण मेलेल्या माणसाला विचारतो कोण?

मुहूर्तही बाबांनीच निवडला. खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा होते आणि दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्यांना कोणी हात लावत नाही. जीपशेजारी बाकावर लाल कापड अंथरून सगळे पाने, पक्कड, स्क्रूड्रायव्हर मांडले होते. प्रत्येकावर कुंकू, प्रत्येकावर फूल. म्हणजे आज जे होईल ते मानवी हातांनी नाही, हे आंधळ्यालाही पटावं. उघड्या बॉनेटखाली इंजिनाला आयाबाया हळदकुंकू लावत होत्या. मीही लावलं. फक्त माझं ओलं कुंकू मी डिस्ट्रिब्युटरवरून खाली इंजिनाच्या न हलणाऱ्या लोखंडी ब्लॉकपर्यंत एका सरळ रेघेत ओढलं.

आधी जितेंद्रने वाळूच्या चढावर गाडी नेऊन दाखवली. टकटक इतकी की कोळणींनी कान झाकले. गाडी परत सुरूखाली आणून बंद केली, बॉनेट उघडलं. बाबांनी आज्ञा केली, "डोळे मिटा. जो उघडेल त्याच्या घरात हा जीव शिरेल." त्यांनी शंख तोंडाला लावला. मीही डोळे मिटले. रेघ होती, घाई नव्हती. शंख थांबल्यावर बाबांनी नारळाचं पाणी शिंपडलं, जयरामने बॉनेट लावलं. जितेंद्रने पुन्हा चढ घेतला. टकटक गेली होती. गाडी थोडी मंद वाटली, पण आवाज स्वच्छ होता. लोक वाळूत लोटांगण घालायला लागले, कोणीतरी बाबांच्या खांद्यावर शाल घातली. जितेंद्र खाली उतरला तेव्हा त्याचे डोळे भरले होते.

आता बाबांनी खरी गोष्ट काढली. जीव शांत झालाय, पण गाडी संसारात राहिली तर परत जागा होईल. ती बाबांच्या सेवेत हवी. उद्या दसरा, उद्या तिने सीमोल्लंघन करून बाबांबरोबर जायचं. हाकायला जयराम.

जितेंद्रने खिशातून किल्ली काढली. इतक्या वर्षांचे रविवार त्या किल्लीत होते आणि तो ती परक्या माणसाच्या तळहातावर ठेवायला निघाला होता. मी त्याचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हाताने बॉनेट उघडलं.

कुंकवाची रेघ तुटली होती. वरचा तुकडा बोटभर बाजूला सरकला होता.

मी डिस्ट्रिब्युटर धरून फिरवला. तो फिरला, नुसत्या बोटांनी. त्याचा बोल्ट पूजेआधीच सैल करून ठेवलेला होता. पान्याची गरजच नव्हती. मी तो पुढे सरकवला आणि जितेंद्रला म्हटलं, चढ घे. टकटक. मागे आणला, पुन्हा चढ. टकटक बंद. शंख नाही, नारळ नाही.

"आता मलाही शाल द्या," मी लोकांना म्हटलं.

बाबांचे दोन्ही हात शंखावर होते. मग फिरवला कोणी? नादबाबांना आमचा वसईचा किनारा माहीत नव्हता. इथे कुठल्याही गर्दीत निम्मी माणसं रविवारी चर्चला जाणारी असतात. आमच्या बाजूच्या घरातल्या कॅथरिनमावशी जीपच्या अगदी जवळ उभ्या होत्या.

"मी कशाला डोले मिटू? माझी प्रार्थना थोडीच होती," त्या म्हणाल्या. "जयराम आत हात घालीत होता. मला वाटलं, पूजाच हाय."

जितेंद्र जयरामकडे वळला. मला वाटलं होतं जयराम नाही म्हणेल. मनातून मला तेच हवं होतं.

"दर शुक्रवारी मीच फिरवायचो," जयराम म्हणाला. "माझ्या पडवीत बांधली, माझी कातडी सोलली. पण गावात सगळे म्हणायचे, जितूची जीप. एकदा तरी तू म्हणालास, आमची?"

"मागितली असतीस तर दिली असती," जितेंद्र म्हणाला.

बाबा कधी सटकले कोणी पाहिलं नाही. जयराम मात्र मान खाली घालून त्या सगळ्या लोकांमधून चालत गेला आणि कोणी त्याला अडवलं नाही. मला त्याचा इतका राग आला होता की हाक मारायला तोंड उघडलं तर शिवी आली असती. त्याच्या मनगटावर श्रावणातल्या राखीचा मळका दोरा अजून होता.

दिवाळीनंतरच्या रविवारी जितेंद्रने एकट्याने टायमिंग बसवलं. ते आता हलत नाही. इंजिन सुरेख चालत होतं. तो बराच वेळ ऐकत बसला.

"ताई," तो म्हणाला, "खरंच भूत असतं तर बरं झालं असतं."

त्याला द्यायचं उत्तर म्हणून हे लिहिलं. भूत आपल्याला सोयीचं असतं, कारण ते आपलं कोणी नसतं. बाबांच्या मांडवात आपण डोळे मिटतो ते पुष्कळदा भीतीने नाही, तर उघडले तर कोणाचा हात दिसेल या धास्तीने. तरी उघडा. यंत्र बिघडलं, माणूस आजारी पडला, काहीही झालं तरी आधी विचारा की इथे हात कोणाचा पोचतो. उत्तर जिव्हारी लागेल. पण गाडी दुरुस्त होईल आणि आपण कोणाबरोबर राहतोय ते कळेल.