दार लाव

वहिनीने स्क्रू दातांत धरला आणि दाराच्या चौकटीवर मोटरची डबी बसवली. गळ्यात शिलाईची टेप, खाली स्टुलावर लॅपटॉप उघडा.

"वहिनी, हे ब्लाउज शिवणं नव्हे," दीर म्हणाला. तो कंप्युटरच्याच ऑफिसात होता. "आज चाललं नाही, तर उद्यापासून मी अप्पांसाठी बाई ठेवतो. दिवसभर खोलीत बसून राहील."

पलंगावर पडलेल्या अप्पांनी, तिच्या सासऱ्यांनी, भिंतीकडे तोंड फिरवलं. खुबा मोडल्यापासून अकरा महिने त्यांचं एकच मागणं होतं: जाताना दार लावा. आणि लक्ष राहावं म्हणून जो तो दार उघडंच टाकून जायचा.

काज-बटणं करता करता व्हिडिओ बघून वहिनी पायथन ही कंप्युटरची भाषा शिकली होती. तिने अप्पांच्या हातात फोन दिला. ॲपवर चारच बटणं, अक्षरं ठसठशीत. अप्पांनी 'पंखा लाव' दाबलं. पंखा फिरला, अप्पांच्या भुवया वर गेल्या. मग 'दार लाव' दाबलं. अर्धवट लोटलेलं दार गुरगुरलं आणि सताड उघडलं.

दीर पोट धरून हसला. "घ्या! अख्ख्या गल्लीला आमंत्रण!"

अप्पांनी फोन पालथा ठेवला.

वहिनी लॅपटॉपवरची एकेक ओळ बोटाखाली धरून वाचू लागली. चूक सापडेना. मग ती मोठ्याने वाचायला लागली. "लाव म्हणजे चालू. चालू म्हणजे मोटर पुढे. पुढे म्हणजे..." तिने कपाळावर हात मारला.

"अहो भाऊजी, पंखा लावला की सुरू होतो, आणि दार लावलं की बंद! त्या बिचाऱ्याला काय कळणार? त्याला मराठी मीच शिकवली, तीही अर्धी."

दिराचं हसू मावळलं. "हे माझ्याही डोक्यात आलं नसतं," तो पुटपुटला.

दारासाठी तिने दोन ओळी वेगळ्या लिहिल्या.

"दाबा, अप्पा."

"आधी बाहेर व्हा दोघं."

दोघं उंबऱ्यापलीकडे गेली. दार सावकाश, अगदी ऐटीत, त्यांच्या तोंडावर लागलं. आतून शीळ ऐकू आली. आधी नुसती हवा, मग सूर.

"ठीक आहेत ना, बघतो," म्हणत दिराने दाराला हात लावला.

वहिनीने गळ्यातली टेप काढून त्याच्या मनगटावर हलकेच मारली.

"आधी टकटक करायची, भाऊजी."