नादबाबांची बिनविजेची डबी

"डोळे मिटा. मनातली वीज बंद करा. मगच ऐका."

संगीत कसं ऐकावं ते शिकवणाऱ्या नादबाबांचा हा आदेश नवरोबांच्या डोक्यात इतका भिनला होता, की ते जेवतानाही डोळे मिटू लागले होते. टेपचा अशक्त आवाज विजेवर बळकट करून पुढे ॲम्प्लिफायरला देणारा घरातला जुना ॲक्टिव्ह प्रीॲम्पचा डबा त्यांनी बाबांच्या पायाशी वाहिला आणि त्या जागी बाबांकडून पॅसिव्ह डबी आणली. तिला वीज लागत नाही. पण ती आवाज कमी करू शकते, वाढवू शकत नाही.

पंचाईत झाली सासूबाईंची. तरुणपणी स्वतःच गायलेल्या गाण्यांची टेप लावायची आणि तिच्याबरोबर गायचं, हा त्यांचा रोज सकाळचा नेम. "ही पोरगी लयीत घाई करते," असं त्या स्वतःलाच दटावायच्या. आता ती पोरगी भिंतीपलीकडून कुजबुजल्यासारखी गाऊ लागली. सासूबाईंचं गाणं थांबलं, मग बोलणंही आटलं. सुनेला ते बघवेना. कानाची डॉक्टर असलेल्या नणंदेला घेऊन तीही बाबांच्या बैठकीला गेली.

खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलावर नवरोबांचा डबा आणि बाबांची डबी शेजारीशेजारी. विजेने आवाज बाटतो, माझ्या डबीत वीज नाही म्हणून गर्वही नाही, असं सांगून बाबांनी सगळ्यांना डोळे मिटायला लावले. आधी डबा वाजला, मग डबी. निवृत्त मुख्याध्यापक हुंदके देऊ लागले. शिंपीकाकांना बांगड्यांची किणकिण ऐकू आली. खरं सांगायचं तर सुनेलाही डबीच गोड वाटली आणि ती मनातून चरकली.

नणंदेने मात्र डोळे मिटले नव्हते. डबीची पाळी येताच बाबांचा अंगठा आवाजाच्या बटणावर हळूच फिरलेला तिने पाहिला. ती पुढे झाली. परक्या स्पर्शाने डबी कोपेल, असं बाबा म्हणाले; हात धुऊन आलेय, असं ती म्हणाली. मोबाइलवर मोजून तिने दोन्हींचा आवाज सारखा केला, वर चादर टाकली आणि "आता डबा", "आता डबी" असं पुकारत राहिली. "डबी" म्हटलं की मुख्याध्यापकांचे हुंदके सुरू, बांगड्याही सुरू.

मग तिने चादर उचलली. चादर टाकल्यापासून तारा डब्यालाच जोडलेल्या होत्या.

"आणि काका, गाणारे तर बुवा आहेत. बांगड्या कुणाच्या?"

खोलीत हशा पिकला. "तुम्ही श्रद्धेवर शंका घेताय," वगैरे बाबा पुटपुटले, पण ते कुणाला ऐकूच गेलं नाही.

"हसू नका," नणंद म्हणाली. "किंचित मोठा आवाज सगळ्यांच्याच कानाला सरस वाटतो, माझ्यासुद्धा. प्लेअर दमदार आणि वायर आखूड असेल, तर डबी उत्तम. टेप जुनी किंवा वायर लांब असेल, तर डबा हवा. आपल्या घरात काय आहे ते बघा, दोन्हींचा आवाज सारखा करून ऐका आणि मग ठरवा."

देवापुढे डोळे जरूर मिटावेत. यंत्र पारखताना ते उघडेच ठेवावेत.

नवरोबा बायकोला हळूच म्हणाले, "आईला फोन कर. म्हणावं, उद्या सकाळी गाणं होईल."

त्यांनी डब्याच्या तारा सोडवल्या, डबा उराशी धरला आणि कुणाकडेही न बघता ते घराच्या वाटेला लागले.