दारूकोठाराची ओवी

शेणवे गावातल्या रखमीच्या घरात रीत होती. भाताच्या कोठारात पाऊल टाकायचं, तर बाईनं पायातली जोडवी उंबऱ्याबाहेर काढायची. का, ते कुणी विचारलं नव्हतं. नवी सून माधुरी मात्र अडून बसली. नवरा, पंकज, रोज घाटात टेम्पो चालवतो. त्याच्या नावाची जोडवी काढायची? छे! तेव्हापासून सासू दुखऱ्या गुडघ्यानं एकटीच भात काढी, आणि दोघींत बोलणं उरलं नव्हतं.

दिवाळी सरल्यावर पंकज पेंढा घेऊन समुद्राकडे निघाला. दोघींनाही टेम्पोत बसवून म्हणाला, "भांडा, पन वारा खात भांडा." पेंढा उतरेस्तोवर त्यानं त्यांना जुन्या किल्ल्यात सोडलं.

तटाखाली भरती हळूहळू श्वास घेत होती. आत एक बसकी, जाड भिंतींची, घुमटाची खोली. दारावर पाटी. माधुरीनं ती मोठ्यानं वाचली. सासूला नव्हे, भिंतीला ऐकवत. "बंदुकीच्या दारूचं कोठार. ठिणगीच्या भयानं आत धातू नेत नसत."

रखमी थबकली. "आगो बाय! म्हनून होय? दारूत कोळसा लागं. आपल्या रानातला कोळसा बाया होडीनं हिकडं आणीत, आजेसासू सांगं. घरी आल्या, तरी सवय नाय सुटली त्यांची."

जोडवी काढून ती आत गेली. झरोके वाकडे कोरलेले. उजेडही वळणं घेत, दमून आत येई. त्या मऊ काळोखात तिला डोईवर कोळशाच्या पाट्या घेतलेल्या बाया दिसल्यागत झाल्या. ती गुणगुणली:

*डोईवर कोळसा गो, खाली निळं निळं पाणी*
*कोठाराच्या दारी जोडवी काढी सून शाणी*

घुमटानं ओवी परत केली, आणि तिच्यामागून कधीची विसरलेली दुसरी रखमीच्या ओठी आली:

*जोडवीच्या जागी बांधू पदराचा गो धागा*
*धनी माझा वाटंवर, देवा ऱ्हा त्याच्यासाठी जागा*

दारातल्या माधुरीनं ती ऐकली. तिचे डोळे भरले.

रखमी बाहेर येऊन उंबऱ्यावर बसली. पदराचा दोरा दातांनी तोडला. "आन पाय. अर्धीच रीत सांगितली व्हती मी तुला."

"आत्याबाई, सासूनं सुनंचा पाय धरायचा? लोकं हसतील."

"हसू दे." रखमीनं तिच्या एका पायातली जोडवी काढून तिथं दोरा गुंडाळला. "तू हलू नको, गाठ बसत नाय."

तोल जाऊ नये म्हणून माधुरीनं सासूच्या खांद्यावर हात ठेवला, आणि गाठ बसताच दुसऱ्या पायातली जोडवी आपणच काढली.