स्तोत्रातले ठिपके

या, असे जवळ सरकून बसा. पुढे जागा आहे, लाजू नका. गाऊन प्रवचन करणारे आधी सूर लावतात आणि मग गोष्टीला हात घालतात. मला गाता येत नाही, म्हणून मी नुसतीच सांगते. पण गोष्ट गाणाऱ्याचीच आहे आणि तिच्यात एक चोर आहे. निदान टाचणीला तसं वाटलं होतं.

टाचणी ईश्वरविज्ञानात पीएच.डी. करत होती. अंगानं शिडशिडीत, बोलणं टोकदार, म्हणून वाचनालयातल्यांनीच तिचं हे नाव पाडलेलं. तिचा विषय होता बायबलातली गाऱ्हाण्याची स्तोत्रं. माणूस देवापुढे रडतो, भांडतो, कुठे लपलास म्हणून विचारतो, आणि पुढच्याच ओळीत एकदम उपकार मानायला लागतो. मधे झालं काय? मोठे विद्वान म्हणतात, तिथे याजकानं धीराचा शब्द दिला असणार. टाचणीचं म्हणणं, कुणी काही बोललं नाही. तिथे शांतता होती आणि जे काय केलं ते शांततेनं केलं. हे तिच्याआधी कुणी मांडलं नव्हतं. मांडलेलं निघालं, तर तिची पाच वर्षं पाण्यात.

एके दिवशी तिनं वाचनालयातलं जाड स्तोत्रांचं पुस्तक उघडलं. बाहेर न्यायला मनाई असलेलं, एका पानावर मूळ भाषा आणि समोरच्या पानावर आपली. जिथे रडणं संपून उपकार सुरू होतात, नेमक्या त्या फटीत पेन्सिलीचा बारीक ठिपका. तिनं दुसरं स्तोत्र काढलं. तिथेही ठिपका. तिसऱ्यात तर ओळींच्या अधेमधेही होते, पण त्या जागेवरचा सगळ्यांत ठळक.

"आणि ठिपके आपल्या भाषेच्या पानावर," तिनं जेवताना नवऱ्याला सांगितलं. "अभ्यास करणारा मूळ भाषेच्या पानावर खुणा करतो, तिथे एकही नाही. कुणाला कळू नये म्हणून."

"तू देव शोधायला गेली होतीस ना? की चोर?" नवरा म्हणाला. "आमटी दे इकडे."

संशय जायचा तो मामांवर. मामा म्हणजे वर्गातले सर्वांत वयस्क विद्यार्थी. एके काळी गाऊन प्रवचन करायचे. मी स्वतः ऐकलंय, भिंतींना पाझर फुटेल असा आवाज. मग एकाएकी सगळं सोडून या वयात पीएच.डी.ला बसले. का, ते कुणाला सांगितलं नाही. आता टाचणीच्या समोरच्या टेबलावर बसून ओठ हलवत वाचायचे. ती जवळून गेली की पानावर पंजा ठेवायचे.

"काय टाचणी, आज कुणाला टोचणार?"

"मामा, तुमचा विषय काय हो?"

"विषय? अगं, तो अजून मलाच सापडायचाय. सापडला की तुला पहिली खबर." आणि पुस्तक मिटलं, आत बोट तसंच ठेवून.

आणखी एक गोष्ट तिनं हेरली. मामा वर येताना जिन्याच्या वळणावर थांबायचे आणि सूचनाफलक वाचायचे. रोज. त्या फलकावर वर्षभर एकच सूचना होती, चपला बाहेर काढाव्यात. कोण आलं, कोण गेलं, यावर लक्ष ठेवतात, टाचणीनं ठरवून टाकलं.

मग तिनं सापळा लावला. एका स्तोत्रातले सगळे ठिपके खोडरबरानं पुसून टाकले. दोन दिवसांनी पाहते तर ठिपके परत आलेले, पण जुन्या जागी नाहीत. दोन शब्द अलीकडे सरकलेले आणि जास्त दाट. फटीतला मात्र जागचा हललेला नव्हता. तिनं पुन्हा पुसले. पुन्हा आले, आणखी अलीकडे. मामा सुधारणा करतायत, तिला वाटलं. आपल्यापेक्षा बारीक चाळणी लावतायत!

ती तडक मार्गदर्शक मॅडमकडे गेली. मॅडम म्हणाल्या, "तोंडी नको, लिहून दे. शुक्रवारी समितीपुढे ठेवते." टाचणीनं लिहून दिलं.

गुरुवारी दुपारी मामा ते पुस्तक शालीखाली घालून खाली उतरले. टाचणी मागोमाग. मामा चॅपलमध्ये, कॉलेजच्या प्रार्थनेच्या खोलीत, शिरले. ती दाराआड उभी राहिली. आता कुणाला तरी पुस्तक देणार!

मामा पहिल्या बाकावर टेकले. छातीवर हात ठेवला, सूर पकडला आणि अगदी हळू गायला लागले. ठिपक्यापाशी थांबले. छातीतून भात्यासारखी शीळ आली. पुढचा तुकडा घेतला, पण पुढच्या ठिपक्यापर्यंत दम पुरेना. मामांनी पेन्सिल काढली, तिच्या मागच्या रबरानं तो ठिपका पुसला आणि एक शब्द अलीकडे काढला.

टाचणी बघतच राहिली. तो माणूस स्तोत्राचा अभ्यास करत नव्हता, श्वास कुठे घ्यायचा ते मांडत होता. आणि श्वास रोज कमी पडत होता.

मग ती फट आली. रडणं संपलं आणि मामा थांबले ते थांबलेच. टाचणीनं दार घट्ट धरलं. पुढची ओळ येते की नाही? खूप वेळानं आली, दोऱ्याएवढी बारीक.

"दार लाव गं टाचणी," मामा न वळता म्हणाले. "वारा सोसत नाही."

"मामा, हे कधीपासून?"

"डॉक्टर म्हणाले, गाणं बंद. वरचा अजून काही म्हणाला नाही. दोघांचं एकमत होईपर्यंत ठिपके देतोय. माझ्या जुन्या चर्चच्या मंडळीनं एकदाच गायला बोलावलंय. घरी सांगू नकोस, तुझी मामी दाराला कडी लावेल."

"पण तिथे... मधे इतका वेळ का थांबलात?"

"तिथे? अगं, तिथे माझी छाती धड होती तेव्हाही दम संपायचा. रडून झाल्यावर कुणाचा संपत नाही?"

टाचणी येऊन बाकाच्या टोकाला टेकली. "मामा, मी तुमच्याविरुद्ध तक्रार केलीय. तुम्ही माझा विषय चोरताय म्हणून."

मामा हसले, हसता हसता खोकले. "बरं झालं बाई. घरच्यांना आता वाटेल तरी, मी इथे काहीतरी अभ्यास करतो."

ती तशीच मॅडमकडे गेली. "तक्रार मागे घेते. संशय खोटा होता."

"मग ठिपके कशाचे?"

"ते विचारू नका."

मॅडमनी चष्मा काढून तिच्याकडे असं पाहिलं, जसं ती आजवर मामांकडे पाहत होती. "काल चोर, आज गप्प. तुमच्या दोघांत ठरलंय काय?"

मामांच्या घरी कळू देणार नाही, असा टाचणीनं शब्द दिला होता. तिनं मान खाली घातली आणि तो संशय अंगावर घेतला.

मामा गायले त्या रविवारी मी तिसऱ्या बाकावर होते. टाचणी शेजारी, हात घट्ट बांधून. त्या जागी मामा थांबले आणि आख्खं चर्च त्यांच्याबरोबर श्वास रोखून थांबलं. आता पुढे येईल की इथेच संपेल, कुणालाच ठाऊक नव्हतं. मग ओळ आली. ते त्यांचं शेवटचं गाणं.

मामा गेल्यावर तिनं प्रबंधात एक तळटीप घातली. ही शांतता म्हणजे रडून दमलेल्या माणसाचा श्वास, आणि हे मला एका गाणाऱ्यानं दाखवलं.

मॅडम म्हणाल्या, "काढ ती. परीक्षक म्हणतील, कल्पना तुझी नव्हेच."

"म्हणू देत," टाचणी म्हणाली. तळटीप राहिली. परीक्षकांनी तासभर तिच्यावरूनच छळलं, मग पदवी दिली.

आता उठा, उशीर झाला. फक्त एक करा माझ्यासाठी. कधी प्रार्थना करता करता मधेच गळा दाटला आणि पुढचा शब्द फुटेना, तर घाई करू नका. तेवढा वेळ आमच्या मामांची आठवण ठेवा.