अडकलेला ॲक्सल आणि नर्सबाई

मित्रांनो, गाडी पाहताना तुम्ही तिचा रंग पाहता, दिवे पाहता. मला मात्र कोणी पाहत नाही. मी एका जुन्या गाडीच्या मागच्या डाव्या चाकाचा ॲक्सल आहे. इंजिनाचा जोर चाकापर्यंत नेणारा अडीच फुटांचा पोलादी दांडा, एवढीच माझी ओळख. उजवीकडे माझा भाऊ होता. आम्ही दोघे एकाच दिवशी घडलो आणि एकाच दिवशी गाडीत बसलो.

आमची मालकीण बाळंतपणे करणारी नर्स होती. निरोप आला की बाई हातातला घास ताटात टाकून निघत. चिखल असो, ओढ्याचा उतार असो, आम्ही कधी कुरकुरलो नाही. काम फत्ते झाले की बाई गाडीच्या टपावर थाप मारून म्हणत, "शहाणी गं माझी बाय!" थाप पत्र्यावर पडे, पण सुखावायचो आम्हीही.

पुढे बाईंचे गुडघे थकले. गाडी शेडमध्ये गेली, ती गेलीच. नऊ वर्षे आम्ही जागचे हललो नाही. ओल आत झिरपली आणि माझ्या टोकाचे बेअरिंग खोबणीत गंजून घट्ट बसले.

मग बाईंची लेक आईजवळ राहायला आली. आईचे जग खिडकीपुरते उरलेले पाहून तिला भरून आले. तिने मिस्त्रीला बोलावले. त्याने चाके पाहून मान हलवली.

"ताई, बेअरिंग बदलायला मागचे दोन्ही ॲक्सल बाहेर काढावे लागतील. ते निघाले तर गाडी चालेल. नाहीतर सोमवारी भंगारवाल्याला बोलवा."

शनिवारी काम सुरू झाले. भाऊ दोन हिसक्यांत बाहेर आला, पण त्याच्या आतल्या टोकाचे दाते पिळवटून गेले होते. तो आता कामाचा नव्हता. मग माझी पाळी आली. मिस्त्रीने माझ्या तोंडाला एक लांब सळई जोडली. तिच्यावर सरकणारे लोखंडी वजन तो जोराने मागे ओढून आपटू लागला. ठण्! ठण्! मित्रांनो, मला यायचे होते हो! पण गंज सोडेना. दुपारपर्यंत मिस्त्रीच्या तळहाताला फोड आले.

"गॅसने कापूनच काढतो आता," तो वैतागून म्हणाला.

माझा धीर सुटला. तेवढ्यात शेडच्या दारात खुर्चीवर बसलेल्या बाईंनी काठी आपटली.

"अरे, अडलं म्हणून कोणी कापत सुटतं का?"

"बाई, हे बाळ नाही, लोखंड आहे."

"असू दे. तेल पाज, ऊब दे आणि जरा दम खाऊ दे त्याला. तूही खा. हात बघ कसे झालेत!"

मिस्त्री हसला. त्याने माझ्याभोवती तेल सोडले आणि तो घरी गेला. रविवारी सकाळी त्याने बाहेरची खोबण हलक्या आचेने शेकली, चहूबाजूंनी टकटक केली आणि पुन्हा वजन ओढले. पाचव्या ठोक्याला मी सूतभर सरकलो.

"आई, हलला!" लेक ओरडली.

"आता घाई नको. हळू, हळू," बाई खुर्चीतून उठूनच म्हणाल्या.

मी उजेडात आलो. बाईंनी मला जुन्या चादरीत घेतले आणि माझ्या अंगावरचा गंज पुसला. बेअरिंग गेले होते, पण मी सरळ होतो, धडधाकट होतो. मला नवे बेअरिंग मिळाले. उजवीकडे दुसऱ्या गाडीतला ॲक्सल आला. तो जरा अबोल आहे, पण भला आहे. सोमवारी भंगारवाला आला, तो एकट्या माझ्या भावाला घेऊन गेला. आम्हाला एकमेकांचा निरोपही घेता आला नाही.

आठवड्याभराने गाडी सुरू झाली. फाटकाशी येताच बाई लेकीला म्हणाल्या, "सरक. मी चालवते."

"आई, तुझे गुडघे!"

"गुडघे माझे दुखतात, गाडीचे नाही. सरक."

त्या रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत गेल्या आणि वळून परत आल्या. उतरल्यावर त्यांनी गाडीच्या टपावर थाप मारली.

मित्रांनो, मी झिजलो तेव्हा मला दुःख झाले नव्हते. विसरला गेलो तेव्हा झाले. तुमच्याही घरी एखादी सायकल, एखादे शिवणयंत्र, एखादे म्हातारे माणूस एका जागी बसून असेल. त्यांना अधूनमधून हात लावा, विचारपूस करा, जमेल तेवढे हलते ठेवा. एवढे कराल ना?